पत्र्यामागचा पंप

बाईंची गाडी चौथ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मिस्त्री एका टेम्पोखाली आडवे पडून गिअरबॉक्सचे नट सोडवत होते. त्यांना डोकं बाहेर काढून बघायचीही गरज पडली नाही. इतक्या खालून आणि इतक्या घोगऱ्या आवाजात बोलणारी गाडी सबंध गावात दुसरी नव्हती.

"अहो, आली बरं का तुमची लाडकी," काउंटरमागून त्यांची बायको म्हणाली. गॅरेजचे फोन घेणं, सुटे भाग मागवणं आणि नवऱ्याला दुपारी वेळेवर जेवायला उठवणं अशी तीन कामं तिच्याकडे होती, आणि त्यातलं तिसरं सगळ्यात अवघड होतं. "पुन्हा पेट्रोलचा पंपच असणार, बघा."

"असूच शकत नाही," टेम्पोखालून उत्तर आलं.

पण पंपच होता.

गाडी दोनच सीटांची होती. गडद हिरवी, बसकी, लांब नाकाची, वर कापडी छत. चाळिशी कधीच उलटलेली, पण अंगावर एक ओरखडा नाही. बाईंच्या यजमानांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. ते जमीनमोजणीच्या खात्यात होते. उंच, हाडापेराने मोठे, बोलायला मिश्कील. स्वतःच्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागू द्यायचे नाहीत; मिस्त्रींकडे यायचे ते नुसते वाद घालायला. कार्ब्युरेटर या विषयावर दोघांचं वीस वर्षं एकमत झालं नव्हतं, आणि ते होऊ नये असंच दोघांनाही वाटत असावं. गेल्या वर्षी एका सकाळी ते उठलेच नाहीत. मिस्त्रींना त्यानंतर बरेच दिवस कार्ब्युरेटर उघडायचा कंटाळा येत होता.

मग बाईंनी सगळ्यांना चकित केलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, चष्म्याच्या बाई चौसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. पाठीमागे उशी घेऊन, हनुवटी वर करून त्या रस्त्याने जाऊ लागल्या तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी वाट सोडून उभे राहायचे, ते आदराने की भीतीने हे सांगणं कठीण होतं.

आता महिनाअखेरीला बाई हे गाव सोडणार होत्या. मुलगी घाटापलीकडे राहत होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि बाई कायमच्याच तिच्याकडे जाणार होत्या. मुलगी न्यायला माणूस पाठवायला तयार होती, बसही होती. पण बाईंनी एकच धोशा लावला होता: जाईन ती याच गाडीने, आणि स्वतः चालवत.

मिस्त्रींना काळजी होती ती त्या घाटाची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये गाडी बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. मागून मालाचे ट्रक येतात. अशा वळणावर पंप रुसला आणि गाडी उभी राहिली, तर पुढचं बोलायलाच नको. तेव्हा महिना संपायच्या आत या पंपाचं दुखणं मुळातून काढायचं, एवढं एकच काम मिस्त्रींनी डोक्यात घेतलं होतं.

तसा तो पंप साधासुधा. किल्ली फिरवली की टिकटिकायला लागतो, टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे पाठवतो, पुढे भरलं की गप्प होतो. आतल्या दोन टिकल्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात, त्यावर सगळा कारभार. टिकल्या जळल्या, चिकटल्या, की पंप बंद आणि गाडी जागेवर. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी टिकल्या घासून दिल्या. दुसऱ्या खेपेला अख्खा पंप नवा बसवला, त्याच जातीचा. तिसऱ्या खेपेला टाकी उतरवून धुतली, तिचं हवेचं भोक तपासलं, नळ्या बदलल्या, बॅटरीपासून नवीन वायर ओढली. मग पंप बाकावर मांडून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आठ तास पेट्रोल खेळवलं. एकदाही चुकला नाही. मिस्त्रींनी छातीठोकपणे सांगितलं, "बाई, आता दहा वर्षं बघायला नको."

आठव्या दिवशी बाई पुन्हा दारात उभ्या होत्या.

"थांबते हो अजून," त्या म्हणाल्या. तक्रार केल्यासारखं नाही. पोराचा ताप उतरत नाही हे सांगावं तसं. पर्समधून त्यांनी चौकटीच्या वहीचा कागद काढला. त्यावर तारीख, वार, वेळ, ठिकाण अशा ओळी नीट आखून लिहिलेल्या होत्या. "मंगळवारी सव्वापाचला तळ्याच्या बांधावर. काल टेकडीवर."

"आणि मग?"

"मग सुरू झाली."

"आपोआप?"

बाई पर्सची चेन लावत राहिल्या. "होते ती."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बाई, हा पंप चिकटला की त्याला बाहेरून धक्का द्यावा लागतो. शेजारच्या सीटच्या पाठीमागे पत्रा आहे ना, त्याच्या आत तो बसवलाय. पत्र्यावर ठोकलं की..."

"मला शिकवताय?" बाई पहिल्यांदाच हसल्या. "सदतीस वर्षं ते माझंच काम होतं. हे चालवायचे, मी शेजारी. गाडी थांबली की हे रस्त्यावरची नजरसुद्धा न हलवता म्हणायचे, 'बाई, दार वाजवा.' लग्न झालं तरी बाईच म्हणायचे मला. मग मी हात मागे घालून वाजवायची. टकटक, टक. दोन आणि एक. की लागलाच पंप. कित्येकदा तर चांगल्या पंपालाही यांनी मला ठोकायला लावलं असेल, मला खात्री आहे."

मिस्त्रीही हसले. पण हसता हसता त्यांच्या मनात काहीतरी अडलं. बाई गेल्यावर ते गाडीत चालकाच्या जागी बसले आणि शेजारच्या सीटमागे हात घालून बघितला. त्यांचा चांगला लांब हात, तोही पत्र्याला पोहोचेना. वीतभर कमी पडत होता. बाईंचा हात तर गिअरच्या पुढे जाणं कठीण. म्हणजे बाई दरवेळी उतरत असल्या पाहिजेत, फिरून पलीकडच्या दाराने वाकत असल्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हणून विचारलं.

"मी उतरत नाही," बाई म्हणाल्या, आणि समोरचा चहा न पिताच निघून गेल्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मिस्त्रींनी पंपाच्या वायरवर एक छोटा दिवा जोडून तो पुढे काचेपाशी बसवला, म्हणजे वीज पोहोचत नसेल तर दिवा विझेल आणि चोर सापडेल. मग एकट्याने गाडी साठ किलोमीटर पळवली, चढावर, उतारावर, भर दुपारी. दिवा जळत होता, पंप टिकटिकत होता. मग बाईंना चालवायला सांगून स्वतः शेजारी बसले. गुडघे हनुवटीला टेकले, पण गाडी थांबली नाही. तळ्याच्या बांधावरून दोनदा फिरवली, तरी नाही.

"शहाण्यासारखी वागतेय," मिस्त्री म्हणाले.

"आज नाही थांबायची ती," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. येणारा पाहुणा आज येत नाही हे कळल्यावर माणूस बोलतो, तशा त्या बोलल्या होत्या. उतरताना मिस्त्रींनी सीट मागे ढकलली, तर बाईंनी ती वाकून होती तिथे परत आणली.

दुपारी जेवताना मिस्त्रींनी बाईंचा कागद डब्याशेजारी पसरला. गाडी किती तापली होती, टाकीत किती पेट्रोल होतं, किती अंतर झालं होतं, सगळं त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं आणि त्यातून काडीचाही मेळ लागत नव्हता. बायकोने पलीकडून कागद फिरवून घेतला.

"तुम्ही चढ बघता, ऊन बघता. जरा माणसासारखं बघा की," ती म्हणाली. "तळ्याचा बांध. टेकडीवरचा कठडा. बागेमागचा झाडांचा रस्ता. स्टेशनाबाहेरचं फुलांचं दुकान. ही काय गाडी बिघडायची ठिकाणं झाली? इथे लोक मुद्दाम गाडी थांबवतात."

"गाडीला काय कळतंय?"

"गाडीला नाहीच कळत," असं म्हणून ती हात धुवायला गेली. नवऱ्याला जे समजायचं ते समजेल, नाहीतर राहील, असा तिचा एकूण संसाराचा अनुभव होता.

मिस्त्रींना मात्र कारण हवं होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते शोधूनही काढलं. डिकीतला जॅक. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी तो सरकत असणार, पत्र्यावर आपटत असणार. त्या आपटण्यानेच टिकल्या चिकटत असतील आणि त्यानेच सुटतही असतील. म्हणजे बाई उतरत नाहीत तरी गाडी सुरू होते, याचाही उलगडा झाला. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते शीळ घालू लागले. जॅक काढून ठेवला. तरी पण खात्री करायला म्हणून त्यांनी पत्र्याचे सहा स्क्रू काढले आणि पत्र्याला निळा लेप लावला. दोन पृष्ठभाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे बघायला कारागीर हा लेप वापरतात. पातळ, सारखा लावायचा. जिथे काही टेकेल तिथला रंग निघून जातो, आणि तो कधी खोटं बोलत नाही. मिस्त्रींनी तो दोन्ही बाजूंना लावला, सीटकडच्या आणि पंपाकडच्या. पंपाकडच्या बाजूला पत्रा आणि पंप यांच्यात दोन बोटांची फट होती. स्क्रू परत आवळले.

"उद्या तुम्ही एकट्या चालवा," त्यांनी बाईंना सांगितलं. "मी माझी व्हॅन घेऊन मागे येतो."

"लांबून या," बाई म्हणाल्या.

पाच वाजून गेले होते. ऊन तिरपं होऊन तळ्यावर पडलं होतं. बांधाच्या मधोमध हिरवी गाडी हळू झाली, थोडी पुढे घरंगळली आणि उभी राहिली. मिस्त्रींनी पन्नास पावलांवर व्हॅन बंद केली आणि काच खाली केली.

बांधावर दुसरं कुणी नव्हतं. वारा पडला होता. गाडीचं छत उघडं होतं, त्यामुळे बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता आणि स्टिअरिंगवरचे त्यांचे हातही. दोन्ही हात. मिस्त्रींनी ते मुद्दाम दोनदा मोजले.

शेजारच्या सीटवर ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं.

मग आवाज आला. टकटक.

थोडं थांबून, टक.

लगेच पंपाची टिकटिक सुरू झाली. पन्नास पावलांवरून ती ऐकू येऊ नये, पण आली. इंजिन घोगरं बोलू लागलं. बाई मात्र निघाल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या सीटकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. मग काही ऐकत असल्यासारख्या थांबल्या. मग खांदे हलले. त्या हसत होत्या.

मिस्त्रींनी काच वर केली. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून बघावं तसं त्यांना झालं होतं.

गॅरेजमध्ये येऊन त्यांनी सहा स्क्रू काढले. सीटकडची बाजू साफ होती. सायीसारखा सलग निळा थर, त्याला कशाचाही स्पर्श नव्हता.

त्यांनी पत्रा उलटा केला.

पंपाकडच्या बाजूला, बरोबर मधोमध, चार ठिकाणी रंग गेला होता. चार गोल, एका रांगेत, शेवटचा जरा खाली. प्रत्येकावर बारीक सुरकुत्यांची नक्षी होती, बोटांच्या सांध्यांवर असते तशी. मिस्त्रींनी मूठ वळून त्या खुणांवर धरून बघितली. त्यांची मूठ लहान पडली.

फटीत त्यांनी दोन बोटं घातली. तिसरं गेलं नाही.

मग फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी तो पत्रा दोन्ही बाजूंनी लख्ख पुसला. का पुसला हे त्यांना सांगता आलं नसतं. मग सहाही स्क्रू परत आवळले.

सकाळी बाई आल्या आणि स्टुलावर बसून म्हणाल्या, "सापडलं तुम्हाला."

मिस्त्रींनी हातातला पाना बाकावर ठेवला.

"मी खोटं बोलले नाही तुमच्याशी. फक्त सगळं सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा थांबली ती तळ्यावरच. मी एकटी. हात पोहोचेना. मला इतकं रडू आलं ना मिस्त्री, हे गेले तेव्हा नव्हतं आलं तेवढं. एवढंसं काम, सदतीस वर्षं केलेलं, आणि आता तेही करता येईना. आणि मग मागून वाजलं. दोन आणि एक." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता मी चालवते, हे वाजवतात. कामं तेवढी बदलली."

"मग दुरुस्तीला का आणत होतात गाडी?"

"गणितात असं करतात. एकेक शक्यता खोडत जायचं. पंप दुरुस्त होऊन थांबायचं बंद झालं असतं, तर मला कळलं असतं की नुसता पंपच होता. मग मी एकदा काय ते रडून मोकळी झाले असते. तुमच्याइतका चांगला कारागीर दुसरा नाही, म्हणून तुमच्याकडेच आणत होते. प्रत्येक वेळी इथून निघताना मला धाकधूक असायची, की या खेपेला तुम्ही जिंकणार."

आपण तीन महिने नेमकं काय दुरुस्त करायला निघालो होतो, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं. पण घाटही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"बाई, ठोकणं नंतर होतं. गाडी आधी थांबते," ते हळूच म्हणाले. "वळणावर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हे कोण समजावणार? मुलीला आत्ता आई पाहिजे. साहेब असते तर त्यांनीच मला दम भरला असता."

हे मात्र बाईंना खोडता येईना.

मग मिस्त्रींनी तोड काढली. जुना पंप होता तिथेच राहू दिला. टाकीजवळ दुसरा, बंद डब्याचा नवा पंप बसवला, ज्यात टिकल्याच नव्हत्या, त्यामुळे चिकटायचंही काही नव्हतं. स्टिअरिंगशेजारी एक खटका लावला आणि त्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'जुना' आणि 'नवा'. एका वेळी एकच चालणार.

"सपाटीवर जुना चालवा, हवं तिथे थांबा, हव्या तितक्या गप्पा मारा," ते म्हणाले. "घाट लागला की नवा. पलीकडे उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शब्द द्या मला."

"दिला," बाई म्हणाल्या. गणिताच्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं गाव मानत आलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी आठलाच त्या गॅरेजवर आल्या. मिस्त्रींच्या बायकोने चहाचा थर्मास दिला, आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. सामान बरंच होतं. डिकीचं झाकण लागेना, ते दोरीने बांधावं लागलं. एक पिशवी बाईंनी स्वतःच्या पायांशी कोंबली. शेजारच्या सीटवर त्यांनी काहीही ठेवू दिलं नाही, थर्मासदेखील नाही.

"जपून," मिस्त्री म्हणाले. ते बाईंकडे बघत होते, पण हा शब्द दोघांसाठी होता, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

वाट सहा तासांची होती. मिस्त्रींनी त्या दिवशी एकही काम धड केलं नाही. एका स्कूटरचं चाक उलटं बसवलं आणि बायकोने दाखवल्यावर सुलटं केलं. अकराच्या सुमारास घाट सुरू होत असणार, साडेबाराला संपत असणार. दीड वाजला. दोन वाजले, तीन वाजले. बायकोने जेवायला हाक मारली नाही, आणि त्यांनाही आठवण झाली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मिस्त्री टेबलाला आपटत धावले.

"मिस्त्रीकाका ना? मी बाईंची मुलगी. आई पोहोचली बरं का. अगदी खुशाल आहे."

मिस्त्रींनी बायकोकडे बघून मान हलवली, आणि तिने तोंडाला पदर लावला.

"पण मी तुमच्यावर रागावलेय हं," मुलगी म्हणाली. "इतक्या लांब आईला सोडायला आलात आणि घरात पाऊलही न टाकता निघून गेलात? निदान पाणी तरी प्यायचं होतं."

"मी?"

"मग काय! दारात इंजिनाचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. उठायला वेळ लागतो आता मला. बघते तर गाडी अगदी भिंतीला समांतर, देखणी लावलेली. इंजिन चालू. आणि आई शेजारच्या सीटवर गाढ झोपलेली. बाबा गेल्यापासून मी तिला इतकं शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं काका. चालवणारं कुणी दिसेना. म्हटलं मिस्त्रीकाकाच असणार. आई सारखी म्हणायची, मिस्त्रींना माझी फार काळजी."

गॅरेजच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. आयुष्यभर मिस्त्री गिऱ्हाइकाशी खोटं म्हणून बोलले नव्हते.

"घाई होती जरा," ते म्हणाले.

"तरी पण."

"स्टिअरिंगजवळ एक खटका आहे," मिस्त्रींनी विचारलं. "त्यावर दोन शब्द लिहिलेत. कुठल्या बाजूला आहे तो?"

मुलगी फोन घेऊन बाहेर गेलेली कळली. तिची चप्पल सावकाश वाजत होती. "'जुना' लिहिलंय त्या बाजूला. का हो?"

"काही नाही. असू दे."

"आईच्या हाताला मात्र लागलंय. उजव्या हाताची चारही बोटं सांध्यांवर सोलवटलीत. विचारलं तर हसते. म्हणते, शब्द मी दिला होता, चालवणाऱ्याने नाही; घाटात सात वेळा दार वाजवावं लागलं, तरी बरं, सवय गेली नव्हती. काय म्हणते ते मला काही कळत नाही. पण हसतेय, म्हणून मीही जास्त विचारलं नाही."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगावर काटाही आला होता, आणि दोन्ही एकाच गोष्टीने.

"काका, ऐकताय ना? एक राहिलंच," मुलगी म्हणाली. ती अजून गाडीपाशीच उभी असावी. "चालकाच्या सीटचा पट्टा लावलेलाच आहे. तो न सोडता तुम्ही उतरलात तरी कसे? मी मघाशी सोडायला गेले, तर आईने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे. आत्ता कुठे डोळा लागलाय."